पंधरा माळा आणि सत्तेचाळीस कोटी पेशी

तीर्थरूप दादास धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकायला दोन दिवस मनाई आहे, तेव्हा तूर्त कागदावरच.) तुझी प्रकृती मी वहिनीला विचारते, कारण तुला विचारलं की तू ‘ठणठणीत’ म्हणतोस, आणि ठणठणीत माणसासाठी रक्ताच्या कर्करोगाचे डॉक्टर दोन-दोनदा खाट राखून ठेवत नाहीत. पहिल्यांदा तुझी दाढ दुखली म्हणून आला नाहीस. दुसऱ्यांदा कुणाचं तरी भिंतीवरचं घड्याळ तू उघडून बसला होतास. असो. ‘ये’ म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगते. तुझ्यासाठी माझ्या पेशी कशा काढल्या, एवढंच कळवायचं आहे.

तर रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी हाडांच्या आत बिऱ्हाड करून असतात. सुखासुखी बाहेर येत नाहीत (कुणासारख्या, ते लिहीत नाही). पोटात चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन त्यांना रक्तात उतरवतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, यंत्र ते गरगर फिरवतं, हव्या तेवढ्या पेशी वेचतं आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून माझं मला परत. काही वाया जात नाही. डॉक्टर लोकांत इतकी काटकसर असेल असं वाटलं नव्हतं. किती पेशी हव्यात ते मात्र माझ्या वजनावर नाही, तुझ्या वजनावर. किलोमागे पन्नास लाख. तू ब्याण्णव किलो. मॅट्रिकचं गणित अजून शाबूत आहे, शेहेचाळीस कोटी होतात. एवढ्या पेशी माझ्यासारख्या काडीने द्यायच्या, तेव्हा जिभेला थोडा आवर घातला असतास तर बरं झालं असतं, इतकंच म्हणते.

पहिल्या दिवशी सकाळी आठला मला आरामखुर्चीवर निजवलं आणि दोन्ही हातांत सुया घातल्या. उजव्या हाताची सुई रक्त ओढणारी, ताठ, तो हात वाकवायचा नाही. रक्त चांगलं यावं म्हणून मुठीत दाबायला रबरी चेंडू देत होते. मी म्हटलं, बोटंच हलवायची ना, मग माझी जपमाळ आहे की, चेंडू कशाला. यंत्रावरच्या बाई (निवृत्तीला आलेल्या, बोलायला तिखट, हाताला फार हलक्या) जरा घुटमळल्या, पण हो म्हणाल्या. हात अडकलेले म्हणून हिशेबाची वही ह्यांच्याकडे दिली. यंत्र थांबलं की डावीकडे वेळ लिहायची, माझी एक माळ पूर्ण झाली की उजवीकडे रेघ ओढायची.

आणि यंत्र थांबायचंच. किंचाळायचं आणि थांबायचं. बाई धावत यायच्या, हात वाकवला का विचारायच्या. मी शपथेवर नाही म्हणायची. त्यांनी सुई जराशी फिरवून पाहिली, नळी बदलली, माझ्या शिरांना नावं ठेवली. मी त्यांच्या यंत्राला ठेवली. त्या म्हणाल्या, फिरत्या रक्तात पेशींचा पातळ थर धरतो, तो सायीसारखा असतो, दर खेपेला पातेलं हिंदकळलं तर साय धरणार कशी आणि आम्ही काढणार कशी. संध्याकाळी मोजणी आली. किलोमागे एकवीस लाख. निम्म्याहूनही कमी. आणि दुसऱ्या दिवशी बहुतेकांचं आणखी कमीच निघतं, असं डॉक्टरीणबाईंनी हळूच सांगितलं.

दादा, खोलीवर आल्यावर मी देवापुढे बसले, पण रडायला नाही. वही उघडली. डावीकडे पंधरा वेळा. उजवीकडे पंधरा रेघा. आणि प्रत्येक रेघेला लागून एक थांबणं. माळ पुरी झाली की मी ती कपाळाला लावते, चाळीस वर्षांची सवय, आणि त्याला कुणी ‘हात वाकवणं’ म्हणत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ह्यांना विचारलं, तुम्ही समोर बसून काय बघत होता? तर म्हणाले, “मला दिसत होतं गं. पण देवाच्या कामात मी कसं बोलू?” तीस वर्षांत एकदा गप्प बसू नये असा प्रसंग आला, तर तेव्हाही गप्पच.

दुसऱ्या दिवशी माळ ह्यांच्या खिशात. देवाला सांगून टाकलं, आज हात जोडणं नाही, कपाळाला लावणं नाही, जे काय ते मनात. चेंडू दाबत गेले, दर दाबाला एक नाव. आदल्या दिवशी ओठांना मुंग्या आल्या की (यंत्रातल्या औषधाने रक्तातलं कॅल्शियम उतरतं, त्याच्या) सोसत बसले होते. या खेपेला मुंगी आली रे आली की कॅल्शियम मागितलं. नाकाला खाज सुटली तर ह्यांच्याकडून खाजवून घेतली (चुकीच्या जागी). पावणेपाच तासांत यंत्र एकदाच थांबलं, मला शिंक आली तेव्हा. संध्याकाळी एकतीस लाख. मिळून बावन्न. सत्तेचाळीस कोटींच्या वर, किलोमागे पन्नासाच्या मागणीपेक्षा दोन लाख जास्त. बाईंनी माझी वही वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाल्या, “वीस वर्षं मी फक्त हात वाकवला का विचारतेय. पूजा काय करता, ते कधी विचारलंच नाही.” आता त्या सुई घालण्याआधी ते विचारतात म्हणे.

मुलांना आशीर्वाद, वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. इंजेक्शनांचा काही त्रास झाला नाही असं मी फोनवर म्हटलं होतं. ते खोटं. हाडं कुणी वरवंट्याने ठेचल्यासारखी दुखली. तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही. वाटलं तर वाटू दे.

ता. क. दुसरा. ‘ये’ म्हणायला पत्र लिहीत नाही, हेही खोटं. पेशींची पिशवी उणे तापमानात गोठवून ठेवली आहे. कितीही वर्षं टिकते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी विचारलं, आणि दादा? त्यावर त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या. सोमवारी सकाळी दहाची खाट आहे. रुग्ण येणार की नाही, या रकान्यात मी ‘येणार’ लिहून खाली माझी सही केली आहे. भीती मलाही वाटते. ये.