म्हाळूला साखरेच्या पॅनवर चढू न देणेबाबत

प्रति,
मा. सेवायोजन अधिकारी साहेब,
यांचे सेवेशी

अर्जदार : राधाकिशन सुंदरराव, पॅनमन,
रा. नांदूरघाट, ता. केज, जि. बीड

विषय : दोघांचे व्यवसाय क्रमांक उलटसुलट पडल्याने आज चारच्या आत कारखान्यास फोन करणेबाबत.
संदर्भ : आमची नोंदणी कार्डे, आज सकाळी आपल्या कारकुनांशी झालेले बोलणे.

महोदय,

घाईत लिहितो आहे, अक्षराची माफी असावी.

१. दुष्काळाने ऊस वाळला आणि आमचा सहकारी कारखाना यंदा पेटलाच नाही. मी तेथे पॅनमन होतो, म्हणजे बंद भांड्यात वाफेवर रस आटवून साखरेचा दाणा धरणारा. म्हाळू आमच्या गावचा आचारी. यंदा लग्ने नाहीत, पंगती नाहीत, त्यामुळे तोही रिकामा.

२. आपले लोक नावे नोंदायला गावी आले तेव्हा मारुतीच्या देवळात सप्ताहाचे कीर्तन चालू होते. बुवा ऐन रंगात. भर कीर्तनातून उठणे हा बुवांचा अपमान, आणि खरे सांगायचे तर माझा पायही निघेना. मी म्हाळूस म्हणालो, "जा, दोघांचं बी सांगून ये." त्याने दोघांची नावे व धंदे एका दमात सांगितले. कार्डे आली ती अशी : आचाऱ्याचा क्रमांक मला, पॅनमनचा त्याला. आम्ही पोट धरून हसलो.

३. आता हसू राहिले नाही. वसतिगृहात स्वयंपाकासाठी मला बोलावणे आले आणि नदीपलीकडच्या सहकारी कारखान्यात पॅनवर म्हाळूस. आपले कारकून म्हणाले, "सगळ्या देशाला पुस्तक एकच, राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण. मागणी क्रमांकानं येते, आमी त्या क्रमांकाचं कार्ड काढून धाडतो. क्रमांक बदलायचा तर दाखला, तपासणी, मंजुरी. आठवडा धरा." पुस्तकाविषयी माझी तक्रार नाही. त्यात माझे काम मी वाचून घेतले, बरोबर लिहिले आहे. म्हाळूने ते वाचलेले नाही.

४. काल त्याच्या दारात जाऊन विनवले. म्हणाला, "दादा, सरकारनं लिवून दिलंय. सरकारला तुमच्यापरीस कमी कळतं का? कढई ती कढईच." मी म्हणालो, "अरे बाबा, ती बंद असती, आत दिसत न्हाई." तर म्हणतो, "मंग तुमी वसतिगृहात आमटी करा, माझी लई दिवस खाल्ली." त्याची बायको छबुबाई मात्र हसली नाही. घरात पीठ नाही, मी तरी कोणत्या तोंडाने अडवू? आज पहाटेच्या एसटीने तो गेला. तेथला पॅनमन आजारी असल्याने कार्ड पाहून त्यास सरळ चारच्या पाळीवर घेतले, असा निरोप आहे.

५. साहेब, पॅनला खाली मोठी झडप असते. ती अवेळी उघडली की उकळता घट्ट रस सगळाच्या सगळा खाली पडतो.

तरी विनंती की, मंजुरीची वाट न पाहता फोन करून म्हाळूस पॅनपासून दूर ठेवावे. त्याने लबाडी केलेली नाही, शिक्षा नसावी. वसतिगृहाची जागा त्याला द्यावी. त्याच्या हातची भाजी पोरे विसरणार नाहीत. पॅनची जागा या गडबडीत दुसऱ्या कोणा जाणत्यास गेली तरी माझी हरकत नाही, तसे येथेच लिहून देतो.

झडपेखाली पाळीची माणसे उभी असतात. वर कोण आहे हे त्यांना तेथून दिसत नाही. पांडुरंगाची शपथ, आधी फोन करावा, अर्जावर शेरा मागून मारावा.

आपल्या कचेरीच्या ओट्यावर बसलेला,
राधाकिशन सुंदरराव
दि. ७ फेब्रुवारी १९७३

सोबत : दोन्ही नोंदणी कार्डांच्या नकला, माझा अनुभवाचा दाखला, ट्रंककॉलचे पैसे.