अल्जीयर्सच्या वेळेवर अडकलेल्या संगणकांबाबत

संदर्भ : शुक्रवारची बातमी. पडद्याच्या कोपऱ्यातले एका शहराचे नाव. बंद सरहद्द. लाल्ला यामिना यांची सकाळची खुर्ची. सहीशिक्क्याची चिकटपट्टी.

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
अल-वाहा डायलिसिस केंद्र, उज्दा.

विषय : रमजानची वेळ लागू होण्यापूर्वी संगणकांना हात लावू देण्याबाबत.

महोदय,

१. अर्जदार मिमून बरकानी केंद्राचे संगणक सांभाळतो; सध्या निलंबित आहे. गेल्या ऑक्टोबरात रविवारी घड्याळे तासभर मागे जायची होती. आदल्या शुक्रवारी सरकारने सांगितले, जाणार नाहीत. माणसांनी ऐकले, संगणकांनी नाही. जगभरच्या वेळांचे एक कोष्टक काही स्वयंसेवक सांभाळतात. देशाने नियम बदलला की ते नोंद करतात, मग ती कंपन्यांकडे जाते, मग सावकाश आपल्या यंत्रांत उतरते. रविवारपर्यंत ती उज्द्याला पोचणे शक्य नव्हते.

२. म्हणून अर्जदाराने यादीतले आपल्या देशाचे कासाब्लांका सोडून सरहद्दीपलीकडचे अल्जीयर्स निवडले. तिथली वेळ वर्षभर हलत नाही, आणि नव्या आदेशाने आपलीही तीच झाली होती.

३. व्यवस्थापक सी बुश्ता यांना ते नाव जानेवारीत दिसले. सर्वांदेखत म्हणाले, "बाबा रे, सरहद्द बंद आहे आणि तू घड्याळ पलीकडे पाठवलंस? आता चहाही तिकडेच पी." रांगेतल्या रुग्ण लाल्ला यामिना म्हणाल्या, "पिऊ दे की. तिकडे निदान वेळेवर मिळेल." अर्जदार हसला. ते हसणेही आरोपपत्रात आहे.

४. संगणक चालू ठेवून, पण सहीशिक्क्याची चिकटपट्टी लावून, पुरावा म्हणून जसेच्या तसे ठेवण्याचा आदेश आहे. सुधारलेले कोष्टक आता आले आहे, पण आपला नियम त्यात कासाब्लांकाच्या नावावर आहे. रमजानात देश तासभर मागे येईल, अल्जीयर्स येणार नाही. रुग्ण भिंतीवरचे घड्याळ पाहून येतील. संगणक त्यांना उशिरा आलेले समजून डायलिसिसची खुर्ची पुढच्याला देईल. लोक आधीच "जुनी वेळ की नवी?" विचारतात. आता पुराव्याची म्हणून तिसरी होईल. लाल्ला यामिना यांना एक पाळी चुकलेली सोसणार नाही.

५. तरी संगणकांना एकदाच हात लावू द्यावा. अर्जदाराचा नको असेल तर कुणाचाही. अर्जदार दाराबाहेर उभा राहून सांगेल. दारही नको असेल तर रस्त्यावरून. तेही नियमात बसत नसेल, तर केंद्रापुरती घड्याळे मागे न घेण्याचा वेगळा आदेश आणावा. फक्त तो शुक्रवारी निघू नये. नोकरीचे नंतर पाहता येईल.

आपला नम्र आणि घाईत असलेला,
(सही) मिमून बरकानी
उज्दा, एप्रिल २०१९

ता. क. : ऑक्टोबरातल्या त्या रविवारनंतरच्या सोमवारी एकाही रुग्णाची पाळी चुकली नव्हती.