सुरभीचं चाक आणि माझी आंघोळ

भिसेगाव, कर्जत

रा. रा. प्रवीणराव यांस दाजींचा नमस्कार.

तुमची पाठ, खालापूरचा कारखाना आणि रात्रपाळीचा मुकादम हे तिन्ही ताळ्यावर आहेत, असं धरून चालतो. पत्रास कारण, एक गंभीर तक्रार आहे. गेले आठ दिवस मला आंघोळीला बादलीभर कढत पाणी मिळतं आहे. अख्खी बादली. (तुमची इंदूताई विचारते, यात तक्रार कसली?)

तुम्ही लाडक्या भाचीला ती निकेल-टायटॅनियमची तार आणून दिलीत, तेव्हापासून मी कोमट पाण्यावर होतो. बंबातलं निम्मं पाणी सुरभीच्या चाकाला. वर एक चाक, खाली एक, दोन्हींवरून तारेची माळ आणि खालचं चाक गरम पाण्यात. भट्टीत शिकवलेला सरळ आकार ही तार विसरत नाही. गार असताना वाकते, गरम पाणी लागलं की हिसका देऊन सरळ होऊ बघते, आणि त्या हिसक्यांवर चाक फिरतं. वीज नाही, तेल नाही! पहिल्यांदा फिरलं तेव्हा मी पंचा नेसून दारात उभा होतो, तो तसाच उभा राहिलो. धातू जड, म्हणजे अचेतन असतो, असं तीस वर्षं वर्गात शिकवलेला माणूस मी. कसाबसा म्हणालो, वाकवलेली वस्तू मूळ रूपावर येते, याला आमच्या न्यायशास्त्रात स्थितिस्थापक संस्कार म्हणतात. ती म्हणाली, "मग बाबा, तुमच्या शास्त्रकारांना चाक लावायला काय झालं होतं?"

असो. गेल्या रविवारी कडावचे मालोजीराव मुलाला, साईराजला, घेऊन सुरभीला बघायला आले. माझ्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू पडला होता. तिथे मी तिच्या तारेचा तुकडा पिळून बसवलेला. (न विचारता. हे इंदूताईला कळवू नये.) यजमान या नात्याने चहाच्या पातेल्यावर वाकलो, वाफ लागली, तारेला आपलं शिक्षण आठवलं, आणि चष्मा थेट मालोजीरावांच्या कपात.

मालोजीराव कपाकडे बघतच राहिले. "मास्तर, ह्ये काय हाय?"

सांगावं लागलं. ऐकून ते खुर्चीच्या कडेला आले. "मंग दावा की ते चाक! आमच्या गोठ्यावर पाणी चढवंल का रं, साईराज?"

आणि प्रवीणराव, यावर मी काय बोललो? मी म्हणालो, "छे हो, पोरीचं खूळ आहे. लग्न झालं की सुटेल."

कोणी विचारलं होतं? कोणीच नाही. मागे सुरभी पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होती. तिने त्या नीट ठेवल्या, साखर हवी का विचारलं. संध्याकाळी चाक पोटमाळ्यावर गेलं.

कळावे, लोभ आहेच.
तुमचे दाजी

ता. क. तिने तुमच्याकडे दोन छोटी बेअरिंगं मागितली होती. येत्या रविवारी घेऊन या. स्वतःहून आणली म्हणा, माझं नाव नको.

ता. क. २. मालोजीरावांचा दोनदा फोन आला. चाक कधी दाखवता, म्हणतात. स्थळाबद्दल अवाक्षर नाही.

ता. क. ३. माझं चुकलं, हे तिला सांगायला रोज तोंड उघडतो आणि पाणी छान तापलंय म्हणतो. ती रागावली असती तर चाललं असतं. आजवर माझं प्रत्येक म्हणणं तिने खरं मानलं आहे, प्रवीणराव. खूळ म्हणालो तेही मानेल, याची मला भीती वाटते.