विहिरीपासून बावन्न पावलं

३ मार्च
संडास झाला! खोलीच्या दाराशीच, खुर्चीसारखा बसायचा. लेकाने खास माझ्या गुडघ्यांसाठी बांधला. तीनदा उगाचच बसून आले. प्लंबर म्हणाला, संडासाची टाकी विहिरीपासून निदान पन्नास फूट हवी. मीच मोजलं. मध्ये तारेचं कुंपण, म्हणून फाटकातून वळसा घालून. बावन्न पावलं! प्लंबर म्हणतो, आजी, पाणी काही फाटकातून जात नाही. म्हटलं, तू तुझे नळ बघ.

१९ मार्च
चिमणीला जुलाब. चार वर्षांची नात, जीव तो केवढा. आइस्क्रीम नडलं. आजपासून घरात आइस्क्रीम बंद म्हणजे बंद.

२० मार्च
सून पाणी उकळून देतेय. ह्यांनी स्वतः खणलेल्या विहिरीचं पाणी! चाळीस वर्षं पितेय, मला काय धाड भरली? (पोट जरा दुखतंय. वय झालं.)

२५ मार्च
चिमणी ठणठणीत. बघा, आइस्क्रीमच होतं.

२७ मार्च
नर्सबाई आल्या. विहिरीचं पाणी तपासायचंय, बाटली भरून ठेवा म्हणाल्या. चप्पल छान होती त्यांची, कुठून घेतली विचारायचं राहिलं. परक्या माणसाच्या हाती द्यायचं, तर चांगलं नको? सुनेने उकळलेलं होतं, तेच भरलं.

३ एप्रिल
रिपोर्ट आला. पाणी उत्तम! इंग्रजीत होता, लेकाकडून दोनदा वाचून घेतला. सुनेने उकळणं सोडलं. मी तर आधीपासून सांगत होते.

८ एप्रिल
चिमणी दवाखान्यात. सलाईन. मनगट एवढंसं, सुई केवढी. सुनेला बाटलीचं सांगणार होते, पण ती रडत होती. उद्या नक्की.

९ एप्रिल
राहिलं.

१० एप्रिल
प्लंबरने संडासात हिरवा रंग ओतला. विहिरीत उतरतो का बघायचं म्हणे. खुशाल बघ म्हटलं. बावन्न पावलं आहेत.

१३ एप्रिल, सकाळ
बादली मीच ओढली. हिरवट. वरच्या झाडाची सावली असेल, म्हणून घरात आणून पाहिली. घरात झाड नाही.
सुनेला सगळं सांगितलं. बाटलीचंसुद्धा. ती उठली. पिशवी उचलून दवाखान्यात गेली.

दुपार
लेकाला कुंपणाची तार वर धरायला लावली. गुडघे धरून खालून गेले, सरळ.
अकरा पावलं.
परत येताना पुन्हा मोजली. मुद्दाम छोटी टाकली.
बारा.