सांगकाम्याचं टेबल

शनि. ८ ऑक्टो. २०११
चर्चच्या हॉलमधला कंप्युटरचा वर्ग आज झकास. मुलं बारा-तेराची. नेहमीप्रमाणे पहिला अर्धा तास मशीन बंद, मशीन मीच. त्यांनी हुकूम सोडायचे, मी सांगकाम्यासारखं तेवढंच करायचं. आज चहा. "दूध ओत" म्हणाले, झाकण उघडायचं कोणी सांगेना. खोकं उलटं धरून उभा. सगळ्यात जास्त सई हसली. एवढी मोठी झाली तरी पोरगी बापाला हसते, अजून काय पाहिजे.
मदतीला नवा माणूस, ओवेन. ग्रँड कॅनाल डॉकला, इथल्या टेक कंपन्यांच्या भागात, मोठ्या कंपनीत. मी लॅपटॉप दुरुस्तीवाला. "दॅट वॉज ग्रँड," म्हणाला. बरा वाटला.

शनि. १५
बरा नाही. सायकलवरून भिजून येतो, तरी देखणाच. मुलांना थेट गेम बनवायला बसवलं. माझ्या टेबलावर उरले दोघे, त्यातला एक सर्दीवाला. सई तिकडे.
जेवताना "ओवेन सेज, ओवेन सेज." मी आपला वरणभात कालवतोय. बायको म्हणते, "काहीतरी जळतंय."
"गॅस बंद आहे."
"गॅसचं नाही म्हणत मी."

शनि. २२
समोसे नेले. शिवाय एक जुना कंप्युटर उघडून, आतलं दाखवायला. पोरांनी समोसे उचलले आणि खात खात त्याच्या टेबलाकडे. त्यानेही दोन हाणले, वर कृती विचारतो. सांगितली. मीठ वगळून.

शनि. ५ नोव्हें.
कान तिखट असणं वाईट. पाठमोरा वायरी गुंडाळत होतो. ओवेन सईला सांगत होता: त्याच्या ऑफिसात पुढचा वर्ग सुरू होतोय, मोजकी मुलं, तुझी जागा धरलीय. वार शनिवार. वेळ नेमकी माझीच.
सई म्हणाली, डॅडना विचारावं लागेल. मग हळूच, "हू'ल बी ॲट हिज टेबल, लाइक?"
त्यावर तो काय म्हणाला, ऐकलं नाही. म्हणजे ऐकायला थांबलो नाही.

रवि. ६
सईला मराठी कळतं, उत्तर कायम इंग्रजीत. आज सकाळी चहाला येऊन, "बाबा, मी जाऊ?" चक्क मराठीत. गिऱ्हाईक कसं वळवायचं कळतं पोरीला. माझ्यावर गेलीय.
मी गप्प. तिला वाटलं, खेळतोय. समोर बसली, बोट रोखलं.
"बाबा, आधी तोंड उघड. मग हो म्हण."
हुकूम बिनचूक. काही राहिलं नव्हतं. शिकवलंय कोणी?
तोंड उघडलं. पुढचं येईना. शनिवारपर्यंत सांगतो, म्हणालो.
हसली नाही.
"मशीन्स डोन्ट डू दॅट, डॅड."
परत इंग्रजी.