टाळणाऱ्याचं गाऱ्हाणं

मंगळवार, १२ नोव्हेंबर
काम सुटल्यावर विक्रोळीहून घाटकोपरला, वर्गावर. डोळे मिटत होते. एम.ए.चं दुसरं वर्ष, पेपर संघर्ष-निवारणाचा. मॅडमनी प्रश्नावली भरून घेतली. भांडण झालं की तुम्ही काय करता, वगैरे. गुण जुळवले तर मी 'टाळणारा' निघालो. शेजारची बाई 'भिडणारी'. ती खूश.
गावच्या शाळेत गुरुजी मला शांत म्हणायचे. घरात समजूतदार. पन्नाशीला टेकलो आणि त्याचं खरं नाव हे निघालं.

बुधवार, १३
सुनंदाला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यासाठी फी कशाला भरायची? बायकोला विचारायचं."
हसलो. मग तिने माझ्या धाकट्या भावाचा, दिलीपचा विषय काढला. मी उठून देवापुढची वात सारखी केली. वात सारखीच होती. तिने पाहिलं.

रविवार, १७
आई विहिरीवर घसरली त्याला महिना होत आला. मनगट प्लास्टरमध्ये, गावी एकटी. शेजारच्या काकी पाणी भरून देतात. दिलीप म्हणतो, तिला मालाडला त्याच्या घरी आणू. आई नको म्हणते. मला तिचं पटतं, पण दि.ला तसं बोललो नाही. 'बघू' म्हणत राहिलो. आता तो माझा फोन घेत नाही.
टाळायचं नाही असं ठरवलंय. ठरवूनच दमलो.

रविवार, २४
मालाडला गेलो. शिकवलंय तसं केलं. आधी त्याचं सगळं ऐकलं, मध्ये तोडलं नाही. मग म्हणालो, "म्हणजे तुला काळजी वाटते, आणि आपलं कोणी ऐकत नाही असंही वाटतं. बरोबर?"
दि. बघतच राहिला. "दादा, तू कस्टमर केअरमधून बोलतोयस काय?"
आत त्याची बायको हसली. मी तरी रेटलं. आईची इच्छा, तिचा निर्णय, तिचा हक्क...
"तू शिकलस, म्हणान तुका तिची इच्छा दिसता. माका ती विहिरीवर पडलेली दिसता." मग म्हणाला, "आधी गप्प बसायचास तेव्हा निदान भाऊ वाटायचास. भांड ना माझ्याशी. शिवी दे."
शिवी आली नाही. चहा तसाच राहिला.
एक गोष्ट टोचते आहे. बोलताना आतून बरं वाटत होतं. मला हे येतं आणि याला येत नाही, असं.

गुरुवार, ५ डिसेंबर
असाइनमेंट परत मिळाली. तंटा मिटवायची आपल्याकडची रीत, यावर मी गाऱ्हाणं लिहिलं होतं. बाबा घालायचे. हातात नारळ, घरची सगळी मागे उभी. ज्याचं जे दुखतंय ते माणसाला नाही, देवाला सांगायचं, सगळ्यांच्या देखत. मागच्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. ज्याच्याबद्दल बोललं त्यानेसुद्धा.
मॅडमनी समासात लिहिलंय, 'छान. संदर्भ?'
संदर्भ वारले.
बाबांच्या मागे गाऱ्हाणं मी घालतो. माझ्या गाऱ्हाण्यात कोणाचंच काही दुखत नाही. सगळं गोड. हे लिहिताना लक्षात आलं.

रविवार, ८
दि.ला मेसेज केला. 'दत्तजयंतीला नारळ ठेवतोय. यंदा गाऱ्हाणं तू घाल.'
दुपारी उत्तर आलं. 'बघू.'

शनिवार, १४ डिसेंबर. दत्तजयंती
आला. चपला काढताना म्हणाला, "पुस्तकां भायर ठेवलंस मा?" ठेवली म्हटलं.
सुनंदाने आईला फोन लावून, स्पीकरवर टाकून देव्हाऱ्यापाशी ठेवला. दि.ने नारळ घेतला. आवाज थेट बाबांचा.
"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे उभी आसत..."
"होय म्हाराजा."
"ह्यो माझो दादा. शिकान मोठो झालो. त्याका आमच्याशी आमच्यासारखा बोलूची बुद्धी दी रे म्हाराजा."
सुनंदाचा 'होय म्हाराजा' जरा जास्तच मोठा. माझा जरा उशिरा आला.
"आणि माझ्या मनात दादाबद्दल जा काय वाकडा इला, ता... ता तूच बघ रे म्हाराजा."
फोनमधून आईचा खणखणीत 'होय म्हाराजा'.
"आणि आमच्या आयेक मुंबैक येवची बुद्धी दी रे म्हाराजा."
सुनंदाने म्हटलं. मलाही म्हणावं लागलं. फोनमधून काही नाही.
दि.चे डोळे मिटलेले.
"रेंज गेली," तो म्हणाला.
मी पाहिलं. कॉल चालू होता. तिकडची कोंबडी ऐकू येत होती, त्यालाही येत असणार.
"गेली असेल," मी म्हणालो.
तो नारळ फोडायला बाहेर पायरीवर गेला. तेवढ्यात आईचा आवाज, हळू. "गेलो काय रे तो भायर?"
"होय," म्हटलं.
मग तिनेच फोन ठेवला.