मोटार माझ्याआधी सुटली

आदरणीय दाजी,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण कोठडीतल्या फरशीनं कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच मानून घ्यावा. तुमचा रक्तदाब कसा आहे? गोळ्या वेळेवर घेता ना? दुपारची झोप होते ना? (झोपेचं मुद्दाम विचारतो, कारण आपल्या प्रकरणाचा उगम तिथेच आहे.) इकडे सगळं ठीक. म्हणजे मी चोरीतला आरोपी आहे, तेवढं सोडलं तर ठीक.

त्या दुपारी तुम्ही पलंगावर आडवे झालात आणि डोळे मिटता मिटता मला म्हणालात, पाण्याची मोटार फार घरघरते, घेऊन जा आणि दुरुस्त करून आण. मी सांगकाम्या. मोटार खांद्यावर टाकली, कारागिराकडून बेअरिंग बदलून घेतलं आणि परत निघालो, तर वाटेत हवालदारानं धरलं. तोवर तुम्हाला जाग आली होती, मोटार जागेवर दिसली नव्हती आणि तुम्ही तडक चौकी गाठली होती. (घरातल्या माणसांना आधी विचारावं, हे तुमच्या स्वभावात नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ताईची आहे.)

चौकीत मला बघताच तुम्हाला सगळं आठवलं, हे मी तुमच्या लाल झालेल्या कानांवरून ओळखलं. पण तेवढ्यात साहेब म्हणाले की खोटी तक्रार करणाऱ्यालाही आम्ही आत बसवतो, आणि तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलात. मग मला विचारलं, मोटार कुणी दिली? आता थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? म्हटलं, दाजी आत्ता स्वतःच बोलतील, तोवर वेळ काढू. म्हणून म्हणालो, आठवत नाही. दाजी, पोलिसांपुढे कधी असं म्हणू नये. ते लगेच लिहून घेतात.

पुढे सगळं रीतसर झालं. पंचनाम्याला पंच हवेत म्हणून समोरचा न्हावी आणि त्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक धरून आणलं. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? माझी तक्रार होती, पण पोलिसांविरुद्ध नव्हती. चोर सापडलेला, मोटार सापडलेली, तरी अधिक तपासासाठी मला पुन्हा कोठडीत ठेवलं. तपासात कारागिरानं प्रामाणिकपणे सांगितलं, यानं मोटार दुरुस्त करून नेली. वाटलं, सुटलो. आरोपपत्रात आलं की चोरीचा माल बरा विकला जावा म्हणून आरोपीनं तो दुरुस्त करून घेतला. म्हणजे नीट काम केलं तोही गुन्हाच.

जामिनाला पत असलेला माणूस हवा होता. घरात तसं वडीलधारं कोण, असं वकीलबाईंनी विचारलं, तर माझ्या बायकोच्या तोंडून सवयीनं तुमचंच नाव गेलं. शेवटी मी ज्या शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे, तिथले विज्ञानाचे सर जामीन राहिले. पण तोवर मोटार हमीपत्रावर तुमच्या ताब्यात गेलेली. ती माझ्याआधी सुटली. आता अजिबात घरघरत नाही असं ऐकतो. बरं वाटलं.

त्यानंतर नुसत्या तारखा. कधी न्यायाधीश रजेवर, कधी सरकारी वकिलांचे कागद आले नाहीत, आणि एकदा सगळे हजर होते तर वीज गेली. आम्ही आपले सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर बसायचं आणि संध्याकाळी चुरगळून घरी यायचं. मी इतका दमलोय की म्हटलं, एकदाचा खटला संपवा. वकीलबाई म्हणाल्या, अहो, खटला अजून सुरूच व्हायचाय.

शाळेनं तूर्त घरी बसवलंय. कोर्टानं आरोप निश्चित केले तर कायमचं काढावं लागेल, असं मुख्याध्यापकबाई म्हणाल्या. बोलताना त्यांनाच रडू आलं, मग मीच त्यांची समजूत घातली. या वयात मला दुसरी नोकरी कोण देणार? असो. प्रकृतीला जपावं. राग नसावा.

तुमचा आज्ञाधारक (त्यानंच घात केला)
मेहुणा

ता. क. आरोपांचा निर्णय येत्या गुरुवारी आहे. तुम्ही फिर्यादी. कोर्टात येऊन, मोटार मीच दिली होती, विसरलो, एवढं सांगितलंत तर प्रकरण तिथेच मिटेल. विसरलेल्या माणसाला कुणी आत टाकत नाही, हे वकीलबाईंना दोनदा विचारून घेतलंय.

आणखी एक. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात ताई आली. तुम्हाला बाजारात जाते सांगून आली होती. त्या दुपारचं तुमचं बोलणं तिनं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. तुम्ही स्वतः सांगाल म्हणून इतके दिवस गप्प राहिली. आता साक्षीला उभी राहते म्हणते. वकीलबाईंना फोनवर सांगितलं, त्यांना आनंद झाला, मला झाला नाही. भर कोर्टात तुम्हाला खोटं पाडायचं आणि संध्याकाळी तुमच्याच घरी जाऊन तुम्हाला वाढायचं, हे तिच्या वाट्याला यावं असं मला वाटत नाही. गुरुवारपर्यंत तिला मी थांबवलंय. त्यापुढे ती माझं ऐकायची नाही.